येशू, आणि वर थोडं आणखी

श्रोते हो, नमस्कार. ख्रिस्ती घरांतून ऐकत असाल, तर सलाम.

माझ्यासमोर आत्ता एक मायक्रोफोन आहे आणि काचेपलीकडे तांबडा दिवा. तुम्ही मला दिसत नाही. कुणी भाकरी थापत असेल, कुणी रात्रपाळी करून नुकतंच अंग टाकलं असेल, कुणी नळाला पाणी येण्याची वाट बघत घागरी मांडून बसलं असेल. आपल्या सोलापुरात पाणी हा वाट बघण्याचाच विषय आहे. ज्यांची तोंडं आपण पाहिलेली नाहीत त्यांच्याशी जिवाभावाचं बोलायचं म्हणजे अवघड काम. पण आज ज्या पत्राबद्दल सांगणार आहे, त्याच्या लेखकाचीही गत हीच होती. येशूचा प्रेषित पौल तुरुंगात होता आणि कलस्सै नावाच्या गावातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहीत होता. ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी माझा केवढा झगडा चाललाय, असं तो त्यांना कळवतो. आणि शेवटी सांगतो, हे पत्र तुमच्यात वाचून झालं की शेजारच्या लावदिकीया गावातही वाचायला द्या. त्या काळी पत्र म्हणजे एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तेव्हा कलस्सैची ती माणसं वाचक नव्हतीच, तुमच्यासारखी श्रोतेच होती.

पत्राकडे वळण्याआधी एक आठवण सांगतो. १९९३ साल. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. केंद्र किल्लारीकडे होतं, तिकडे हजारो माणसं झोपेतच गेली. इथं आमच्या गल्लीत फळीवरची भांडी खाली आली आणि सगळे जण अंथरुणासकट रस्त्यावर. पण मला आज बोलायचंय ते पुढच्या आठ-दहा रात्रींबद्दल. रोज संध्याकाळी कुणीतरी नवी बातमी आणायचं. आज दोन वाजता येणार. अमक्या साहेबानं फोनवर सांगितलंय. एक ख्रिस्ती गृहस्थ सायकलवरून फिरत होते. त्यांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं जोडून तारीखच काढली होती, प्रभू येण्याची. माझी आई रस्त्यावर चादर अंथरून बसलेली होती. तिनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, “भाऊ, तारीख मला माहीत नाही असं प्रभू स्वतः म्हणाला. तुम्हाला कुणी सांगितली?” गृहस्थांनी चहा संपवला आणि सायकल पुढं काढली.

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण मार्काच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातलं ते वचन तिला नेमकं ठाऊक होतं: त्या दिवसाविषयी किंवा त्या घटकेविषयी कुणालाच माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.

आता ते सायकलवाले गृहस्थ मोबाईलमध्ये शिरलेत. सकाळी उठून व्हॉट्सॲप उघडावं तर मंडळीच्या ग्रुपवर चाळीस निरोप. एकात युद्धाच्या बातमीखाली बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणाचं वचन. दुसऱ्यात कुणा प्रवचनकाराचा व्हिडिओ, अमुक रकमेचं बीज पेरा म्हणजे शंभरपट उगवेल, आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. तिसऱ्यात अभिषेकाचं तेल, घरपोच. चौथ्यात कोणता सण पाळावा, कोणता पाळू नये, देवाचं खरं नाव कसं उच्चारावं, आणि तसं नाही उच्चारलं तर प्रार्थना पोहोचतच नाही म्हणे. आता तर यंत्रानं बनवलेले आवाज आहेत, चेहरे आहेत. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी औषधाच्या पैशातून असं तेल मागवलं. बाटली मी पाहिली. खोबरेल होतं, चांगल्या प्रतीचं. त्यांना हसायचं धाडस मला झालं नाही, कारण त्या घाबरलेल्या होत्या. घाबरलेला माणूस कशालाही हात घालतो.

नीट पाहा, यातला एकही निरोप ‘येशूला सोडा’ असं म्हणत नाही. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात येशूचं चित्र आहे. सगळे म्हणतात एवढंच, की येशू हवाच, आणि वर थोडं आणखी.

कलस्सैत हेच झालं होतं.

हे गाव आजच्या तुर्कस्तानात, लायकस नदीच्या खोऱ्यात. लोकर आणि रंगकाम हा तिथला धंदा. तिथल्या लोकरीच्या जांभळट रंगाला गावाचंच नाव पडलं होतं, म्हणजे चादर म्हटलं की सोलापूर, तसं. शेजारचं लावदिकीयाही लोकरीचंच. भूकंपाचा मुलूख तो. इसवी सन ६०च्या सुमारास लावदिकीया जमीनदोस्त झालं आणि तिथल्या श्रीमंतांनी रोमच्या बादशहाची मदत न घेता ते पुन्हा उभं केलं. या खोऱ्यात एपफ्रास नावाच्या तिथल्याच माणसानं सुवार्ता आणली. लोकांनी आनंदानं स्वीकारली. पण मग शहाणी माणसं आली. येशू ठीक आहे, म्हणाली, पण विश्वात इतक्या सत्ता, इतके अधिकार, त्यांचं काय? देवदूतांनाही खूश ठेवायला नको का? अमावास्या, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध, दृष्टान्त. पौलानं त्यांच्या नियमांची नक्कल मोठी झकास केली आहे: हे धरू नको, ते चाखू नको, त्याला शिवू नको! हे वाचताना मला आमच्या जुन्या वाड्यातली सोवळ्याची दोरी आठवते.

आणि या सगळ्याला उत्तर म्हणून तो वाद घालत नाही. पहिल्याच अध्यायात एक स्तोत्र घालतो. अदृश्य देवाचं प्रतिरूप तो. आकाशातलं, पृथ्वीवरचं, दिसणारं, न दिसणारं, राजासनं, सत्ता, अधिकार, सगळं त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झालं. तो सगळ्यांच्या आधीचा आहे आणि त्याच्यामध्ये सगळं टिकून आहे. मंडळीचं मस्तक तो. मेलेल्यांतून पहिला उठलेला तो, यासाठी की सगळ्यांत त्याला प्राधान्य असावं.

त्यातल्या ‘टिकून आहे’ या शब्दापाशी मी जरा रेंगाळणार आहे. मूळ ग्रीक शब्दाचा भाव आहे, एकत्र धरून उभं असणं. मला तो कळला तो देवळात नाही, सोलापुरातल्या विणकरांच्या पूर्व भागात कळला. आमच्या शेजारी एक मामा होते, तेलुगू बोलणारे, घरात माग. शाळा सुटली की मी त्यांच्या उंबऱ्यावर बसायचो. चादर घ्यायला येणारं गिऱ्हाईक मोर बघतं, फुलं बघतं, काठाचा रंग बघतं. ही सगळी करामत आडव्या धाग्याची, बाण्याची. धोटा इकडून तिकडं पळतो, कांडी संपली की दुसरी घालायची, रंग बदलायचा तर बदलायचा. उभा धागा, ताणा, तो मात्र आधीच बिमावर चढवलेला असतो, सगळे धागे एका ताणाचे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाण्याचा धागा तुटला तर मामा बोलता बोलता कांडी बदलायचे. ताण्यातला एक जरी तुटला तर बोलणं बंद. माग थांबवायचा, वाकून फणीतून नेमकं तेच टोक शोधायचं, थुंकी लावून बोटांनी पीळ द्यायचा, गाठ मारायची. तसंच पुढं रेटलं तर विणशील तिथपर्यंत चीर उमटत जाते, म्हणायचे.

कलस्सैकरांनी येशूला बाण्यात घातलं होतं. एक सुंदर रंग, भारी रंग, पण इतर रंगांमधला एक. पौल म्हणतो, तो ताणा आहे.

आता ‘ज्येष्ठ’ हा शब्द. तो सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ, असं आपल्या मराठी शास्त्रात आहे, आणि यावरून पुष्कळ घोळ घातला जातो: म्हणजे येशूही निर्माण केलेलाच की, फक्त पहिला. पण शास्त्रात ज्येष्ठ हा मानाचा शब्द आहे. दावीद इशायाच्या आठ मुलांत धाकटा होता, मेंढरं राखणारा. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात देव म्हणतो, मी त्याला ज्येष्ठ करीन. जन्माचा क्रम तर बदलत नाही ना? मान दिला जातो. सोलापूरच्या माणसाला हे जास्त समजवायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यांतला मानाचा पहिला कोणता हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. पौलाला म्हणायचंय ते असं, की निर्माण केलेल्या यच्चयावत गोष्टींवर पहिला मान येशूचा.

इथं ख्रिस्ती श्रोत्यांशी थोडं घरातलं बोलतो, बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही. येशूला पहिला मान म्हणजे आम्हाला पहिला मान, असा हिशोब आम्ही अधूनमधून करून बसतो. मंडळीच्या सभेत पुढच्या खुर्चीवरून भांडणं होतात, मी स्वतः एकदा केलेलं आहे. ज्याला प्राधान्य आहे त्यानं शेवटच्या रात्री काय केलं? कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसले, धरून देणाऱ्याचेसुद्धा. आपल्या गावात रोज ढिगांनी टॉवेल विणले जातात, देशोदेशी जातात. पण त्या एका रुमालाकडे बघून राजासन आठवावं, असा हा वेगळाच राजा. शेजाऱ्याला कमी लेखून त्याचा मान वाढत नाही. पण म्हणून तो अनेकांतला एक सज्जन पुरुष होता असं मी म्हणालो, तर तुम्हाला बरं वाटेल आणि मी खोटं बोललेलो असेन. माझा विश्वास तसा नाही.

नारायण वामन टिळकांचं नाव आपण सगळे घेतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढं कित्येक वर्षं अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केलं. हेच मिशन सोलापुरातही होतं. आणि १९१७ मध्ये, उतारवयात, टिळकांनी मिशनच्या नोकरीचा आसरा सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, येशूच्या पायाशी येतील ते सगळे तिथं बसतील, अशी कल्पना. ती फार चालली नाही. १९१९ मध्ये टिळक गेलेच. पण ज्या संस्थेनं पोसलं तिलाही दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याची त्यांची तयारी होती, एवढं मला दिसतं.

पत्रात दुसऱ्या अध्यायात एक ओळ आहे. तिच्यावरून मोठमोठे प्रवचनकार घाईनं पुढं जातात. पौल म्हणतो, आपल्याविरुद्धचा जो लेख होता तो ख्रिस्तानं खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. लेख म्हणजे काय? मूळ शब्द आहे हातचिठ्ठी. ऋणकोनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली, मी एवढं देणं लागतो. मामांनी मालकाकडून मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली होती. ती वहीत होती. दर आठवड्याला मजुरीतून थोडं कापायचं, सणाला पुन्हा थोडी उचल, वहीतला आकडा जागचा हलेना. दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत होते, पण आधीची बाकी फेडल्याशिवाय जाता येत नव्हतं. मामा मला म्हणाले होते, “पोरा, माझ्या पायात साखळी नाही, त्या वहीतलं एक पान आहे.” ते पान फाडून खिळ्याला टांगणारा कुणी आला असता, तर मामांनी त्याला ‘आणि वर थोडं आणखी’ काय मागितलं असतं?

कलस्सैला हे पत्र घेऊन दोघे निघाले. एक तुखिक, दुसरा अनेसिम. अनेसिम हा त्याच गावचा, फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती गृहस्थाचा गुलाम, मालकाकडून निघून गेलेला. रोमी कायद्यात पळालेल्या गुलामाचं मालक वाटेल ते करू शके. पौलाकडे त्याला येशू भेटला, आणि आता तो परत चालला होता. बरोबर फिलेमोनला एक वेगळी छोटी चिठ्ठी: याला गुलाम म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. मी, पौल, हे माझ्या हातानं लिहितोय, मी फेडीन.

त्या संध्याकाळचं चित्र मी कितीदा तरी मनात उभं केलंय. फिलेमोनच्याच घरात मंडळी जमायची. मालक बसलेला. बाजूला लोकरवाले, रंगारी, बायका, पोरं, गुलाम. दारात अनेसिम उभा. आणि कुणीतरी मोठ्यानं वाचतंय: राजासनं, सत्ता, अधिकार, सगळं त्याच्यासाठी निर्माण झालं. पुढं तिसऱ्या अध्यायात येतं, इथं हेल्लेणी आणि यहूदी नाही, गुलाम आणि स्वतंत्र नाही, ख्रिस्त सर्व काही आणि सर्वांत आहे. तेव्हा कोण कुणाकडे बघत होतं, ते पत्रात लिहिलेलं नाही.

पत्र पौलानं दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं. शेवटची ओळ मात्र लेखणी हातात घेऊन स्वतः लिहिली. सगळ्या विश्वावर ज्याचं प्राधान्य त्याचं एवढं गाणं गाऊन झाल्यावर ती ओळ अशी: माझ्या बेड्यांची आठवण ठेवा. तुम्हावर कृपा असो.

नमस्कार.