ब्रेक कागदावर असतो, पण तुमच्या जागेवर उभं कोण राहतं?

नमस्कार. सुरुवात करायच्या आधी एक सांगते, इथे ज्या पोटुशी आहेत त्यांनी डबा, बाटली, जे काही सोबत आणलंय ते बिनधास्त उघडा आणि मी बोलत असतानाच खा. वॉशरूम उजव्या हाताला आहे, मध्येच उठून जायचं, माझ्याकडे बघून मान हलवायचीसुद्धा गरज नाही.

मी नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता कामाच्या ठिकाणी जाऊन बायकांच्या तब्येतीचं काम करते. आजचा विषय, पोटुशी बाईची कामावरची जेवणाची सुट्टी, ऐकून काहीजणांना वाटलं असेल की हा काय व्याख्यानाचा विषय आहे का, जेवायला तर सगळ्यांनाच सोडतात. मलाही तसंच वाटायचं, माझ्या पहिल्या बाळंतपणापर्यंत.

तिसावा आठवडा चालू होता मला. नाइट ड्युटी, बारा तासांची. घरून सातला जेवून निघाले, आठला चार्ज घेतला. बाराला माझा अर्ध्या तासाचा ब्रेक, तसं ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेलंच होतं. पण त्या रात्री माझ्या जोडीच्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं आणि मी एकटी उरले, आणि एकटी नर्स वॉर्ड सोडून कशी जाणार, एकाची सलाईन संपत आलेली, एकाला श्वासाचा त्रास, एक नवीन अ‍ॅडमिशन आलेलं, मग बाराचा एक झाला, एकाचे तीन झाले, आणि चारच्या सुमाराला औषधांचा ट्रे हातात असताना कानात सूं सूं व्हायला लागलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला धरून खाली बसले. नऊ तास पोटात काही नव्हतं. बाळ व्यवस्थित होतं, पुढे सगळं नीट झालं, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

सकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अगं सांगायचं ना. आणि मी सांगितलं होतं हो! आठवडाभर आधी सांगितलं होतं, "मला जरा सांभाळून घ्या." त्या हो म्हणाल्या होत्या आणि मनापासून म्हणाल्या होत्या. पण "सांभाळून घ्या" हे तक्त्यावर कुठे लिहिणार? मला कोणीही "खाऊ नकोस" असं म्हटलं नव्हतं, ब्रेक नाकारलाही नव्हता. फक्त मी उठल्यावर माझ्या जागेवर उभं राहायला माणूस नव्हता. मी आज जे सांगायला आलेय ते एवढंच आहे, बाकी सगळं याच्याच आजूबाजूचं.

आधी शरीराचं बघू, कारण सुपरवायझर लोक नेहमी विचारतात की बाकीच्या बायका पाच-सहा तास थांबतात मग हिलाच काय होतं. होतं असं की बाळ वारेतून आईच्या रक्तातली साखर अखंड घेत असतं, त्याला ब्रेक नाही, शिफ्ट नाही. आईने जेवून पाच तास झाले तरी त्याचं घेणं चालूच. म्हणून गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात आईचं शरीर उपाशी राहिलं की लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. जी अवस्था इतरांना बऱ्याच जास्त वेळाच्या उपासानंतर येते ती हिला आधीच गाठते. डॉक्टर लोकांनी याला "वेगाने येणारी उपासमार" अशा अर्थाचं नाव दिलंय. १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात रात्रीच्या जेवणानंतर सकाळचं खाणं पुढे ढकललं तर शेवटच्या महिन्यांतल्या बायकांचं काय होतं ते मोजलं, बारा तासांपासून अठरा तासांपर्यंत. गरोदर नसलेल्या बायकांपेक्षा यांची साखर जास्त खाली गेली आणि कीटोन जास्त चढले. आजारी बायका नव्हत्या त्या, चांगल्या धडधाकट होत्या.

आता याचा अर्थ असा नाही की एकदा जेवण चुकलं की बाळाला काहीतरी झालंच, कृपा करून असं घाबरू नका. एखादा दिवस शरीर निभावून नेतं. प्रश्न रोज चुकण्याचा आहे, महिनोन्‌महिने.

दुसरं, पोटाची जागा. हार्मोनमुळे पचन मंदावतं, अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते म्हणून जळजळ होते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय जठराला वरती ढकलतं. म्हणजे गरज वाढलेली आणि एका वेळी मावणारं कमी झालेलं. साधारण हिशोब असा की पहिल्या तीन महिन्यांत वेगळं जास्तीचं लागत नाही, मधल्या तीन महिन्यांत दिवसाला ३४० च्या आसपास आणि शेवटच्या तीन महिन्यांत ४५० च्या आसपास कॅलरी जास्त लागतात. फार नाहीत. पण नऊ तासांच्या शिफ्टमध्ये एकदाच अर्धा तास दिला आणि म्हटलं की घे काय ते सगळं आत्ता भरून घे, तर ते जमत नाही, जबरदस्तीने खाल्लं तर वर येतं. म्हणूनच तीन जेवणं आणि मध्ये दोन वेळा काहीतरी छोटं, असा सल्ला देतात. अमेरिकेत २००१ मध्ये आलेल्या एका पाहणीत, याच्यापेक्षा कमी वेळा खाणाऱ्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं होतं. थोडं, आणि कमी खाण्यामुळेच झालं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण दिशा कुठली आहे ते कळतं.

म्हणून मी बायकांना सांगते की जास्त मोठा ब्रेक मागण्याआधी जास्त वेळा मागा. एकच पाऊण तासाची सुट्टी मिळण्यापेक्षा नेहमीचा अर्धा तास आणि त्याच्या आधी-नंतर दहा-दहा मिनिटं, हे कितीतरी जास्त कामाचं.

आणि एक गोष्ट फार चुकते. सवलत पोट दिसायला लागल्यावर मिळते. सातवा-आठवा महिना लागला की सगळे खुर्ची देतात, हातातलं ओझं घेतात, चांगलं आहे. पण मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरते, म्हणजे जेव्हा कोणाला काही दिसत नाही आणि बऱ्याचजणींनी कामावर सांगितलेलंही नसतं तेव्हाच ती सगळ्यात वाईट असते, आणि पोट रिकामं राहिलं की ती वाढते. "मनावर घेऊ नकोस, होतं असं" म्हणणाऱ्यांना सांगा की जीडीएफ१५ नावाचं एक हार्मोन याच्या मुळाशी आहे असं २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलंय, ते बाळाकडून आणि वारेकडून येतं, हे मनाचे खेळ नाहीत. मला वाटतं, नोकरीत एका माणसाला तरी, जिच्यावर किंवा ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याला, लवकर सांगावं. सगळ्यांना सांगायची गरज नाही. मात्र पोटात पाणीसुद्धा टिकत नसेल, वजन उतरत असेल तर तो ब्रेकचा प्रश्न राहिला नाही, तडक डॉक्टरकडे जायचं.

ज्यांना गरोदरपणातली शुगर आहे त्यांच्यासाठी तर खाण्याची वेळ हाच उपचाराचा भाग आहे. जेवल्यानंतर एक तासाने किंवा दोन तासांनी साखर तपासायची असते, जेवणच दीड तास पुढे ढकललं तर सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि जिने इन्सुलिन घेतलंय आणि जेवायला सोडलं नाही तिची साखर एकदम खाली जाऊ शकते. इथे "पाच मिनिटं थांब" असं म्हणताच येत नाही. सुपरवायझर बसले असतील त्यांनी हे तरी नक्की लिहून घ्या.

पाण्याचंही बोलते, पटकन. वॉशरूमला सोडत नाहीत म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मी शेकडो वेळा ऐकलंय हे, प्रत्येक प्रकारच्या नोकरीत. त्यातून लघवीचं इन्फेक्शन होतं, आणि गरोदरपणात ते वर मूत्रपिंडापर्यंत जायला वेळ लागत नाही, तिथे गेलं की वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका. बाटली हाताशी ठेवू द्या, एवढं साधं आहे.

आता पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे येते. काउंटरवर एकच माणूस, मशीनवर एकच, फोनवर एकच, वर्गात एकच शिक्षिका. ही प्रत्येक जागा अशी आहे की माणूस उठला की काम थांबतं. अशा ठिकाणी ब्रेकचा नियम कितीही चांगला असला तरी तो चालत नाही, कारण बाईने उठायचं म्हणजे शेजारणीवर भार टाकायचा आणि मग शेजारीण वैतागते, आणि ते वैतागणं पोटुशी बाई ओळखते आणि मागायचंच सोडते. माझ्या मते ब्रेक न घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, साहेबाची भीती दुसऱ्या नंबरवर. आणि यात शेजारणीची चूक नाही आणि पोटुशीचीही नाही. माणसं किती ठेवायची ते ज्यांनी ठरवलं त्यांचा हा हिशोब आहे, तो या दोघींनी आपसात का फेडायचा?

म्हणून तक्त्यावर ब्रेकची वेळ लिहिलीत की त्याच ओळीत रिलीव्हरचं, म्हणजे तेवढा वेळ तुमच्या जागेवर उभं राहणाऱ्याचं, नाव लिहा. नाव. "कोणीतरी बघेल" नाही. आणि तो रिलीव्हर दुसरीकडे पाठवला गेला तर त्याच्या जागी कोण, तेही. ठरलेलं मिनिट पाळणं जमत नसेल तर एक टप्पा ठरवा, दहा ते साडेदहाच्या मध्ये कधीही, पण साडेदहाच्या पुढे नाही. आणि दहा मिनिटं कुठून मोजायची ते ठरवा! एका ठिकाणी मी घड्याळ लावून चालत गेले, लाईनपासून जेवायच्या खोलीपर्यंत जाऊन यायला सहा मिनिटं आणि हात धुवायला एक. उरली तीन. जिथे केमिकल, शिसं, औषधं, रक्ताचे नमुने असं काही हाताळतात तिथे जागेवर खायचंच नाही, हात धुतल्याशिवाय तर नाहीच, मग वेळ हात धुवून झाल्यावर मोजा.

मागताना काय म्हणायचं, हे खूपजणी विचारतात. मी चुकले तसं करू नका. आकडे घाला. "मला अमुक आठवडा चालू आहे. मला दर अडीच-तीन तासांनी खायला दहा ते पंधरा मिनिटं लागतील. माझी शिफ्ट अमुक ते अमुक, म्हणून मी या या वेळा सुचवते. त्या वेळी माझ्या जागेवर कोण असेल ते कृपया कळवावं." एवढंच, मेलवर किंवा कागदावर, तारीख टाकून, एक कॉपी स्वतःकडे. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेणार असाल तर तीही अशीच मागा. "विश्रांती द्यावी" अशी चिठ्ठी मिळाली तर कामावरचे लोक घाबरून सरळ रजेवर पाठवतात, बिनपगारी, आणि बाईला ते नको असतं, तिला फक्त खायचं असतं.

कायद्याचं थोडं, कारण ते देशोदेशी वेगळं आहे आणि तुमचं तुम्ही बघायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये, म्हणजे ती स्थापन झाली त्याच वर्षी, मातृत्वाबद्दलचा करार केला आणि त्यात अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दोनदा अर्धा अर्धा तास द्यावा असं लिहिलं. २००० सालच्या नव्या करारात तो वेळ कामाचाच धरून पगार द्यावा असंही आहे. मला हे वाचून खूप बरं वाटलं आणि मग लक्षात आलं की बाळ बाहेर आल्यावर त्याला भरवायची वेळ शंभर वर्षांपूर्वी लिहून दिलीय, पण ते पोटात असताना त्याला भरवायची वेळ, म्हणजे आईच्या खाण्याची, तिथे वेगळी लिहिलेली नाही. गरोदर बाईला अपायकारक काम करायला लावू नये एवढं आहे, त्यात बसवावं लागतं. अमेरिकेत तर प्रौढ कामगारांना जेवणाची सुट्टी द्यावीच असा देशपातळीवरचा सर्वसाधारण कायदा नाही, तरी तिथे २०२३ च्या जूनपासून गरोदर कामगारांसाठी कायदा लागू झालाय आणि त्याच्या नियमांत चार गोष्टी स्पष्ट लिहिल्यात ज्या जवळजवळ नेहमीच द्यायच्या: पाणी जवळ ठेवणं, जास्तीचे वॉशरूम ब्रेक, गरजेनुसार बसणं-उभं राहणं, आणि खाण्यापिण्यासाठी ब्रेक. तिथल्याच वेतनाच्या नियमांत आणखी एक मला फार आवडलेली गोष्ट आहे, जेवता जेवता फोन उचलावा लागत असेल तर ती जेवणाची सुट्टी धरतच नाहीत. कामातून पूर्ण मोकळं केलं तरच सुट्टी. म्हणजे परत तेच, तुमच्या जागेवर कोणीतरी हवं.

त्या रात्रीनंतर माझं काय झालं ते राहिलं. तक्ता बदलला नाही. पण शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर, माझ्यापेक्षा बरीच मोठी, ती रोज बाराला आणि तीनला स्वतःचा ब्रेक तोडून माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, जा गं, मी आहे. दहा आठवडे ती आली. तिचं नाव त्या तक्त्यावर कधीच आलं नाही, आणि तिने त्या दहा आठवड्यांत स्वतः नीट कधी खाल्लं हे मी तेव्हा विचारलंही नाही.

मी सगळ्यांना आपापल्या शिफ्टचा तक्ता घेऊन यायला सांगितलं होतं. आणलाय ना? काढा. ज्या ओळीत ब्रेक लिहिलाय तिथे बोट ठेवा आणि त्या वेळी तुमच्या जागेवर कोण असतं ते नाव पेनाने शेजारी लिहा. ज्यांना नाव सुचत नाहीये त्यांनी हात वर करा, आपण त्यांच्यापासून सुरुवात करू.