आधी बोर्डाची पाठ बघा

मंडळी, टीव्हीला जोडायचा संगणक जुळवायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'आय-थ्री टाकू की आय-फाइव्ह?', म्हणजे प्रोसेसर कोणता? सिनेमा बघण्याच्या कामात हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी मदरबोर्डाची, म्हणजे सगळे भाग जोडले जातात त्या पाटीची, पाठ बघायची, म्हणजे पोर्ट असलेली मागची कड, कारण चित्र आणि आवाज तिथूनच बाहेर पडतात. त्यानंतर आपल्या घरातली भिंत बघायची, म्हणजे प्लग, अर्थिंग आणि टीव्हीच्या कपाटातली हवा. मराठवाड्यात हे संगणक वेग कमी पडला म्हणून फारसे बंद पडत नाहीत. ते उष्णतेनं आणि विजेनं जातात.

चित्रापासून सुरुवात करू. व्हिडिओ उलगडण्याचं काम सहसा प्रोसेसरचे कोर, म्हणजे हिशेब करणारे त्याचे भाग, करत नाहीत. ग्राफिक्सच्या भागात त्यासाठी वेगळं सर्किट असतं. त्या सर्किटला फाइलचं कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, कळत असेल तर ४के सिनेमा चालू असतानाही कोर जवळजवळ रिकामे बसतात. कळत नसेल तर सगळा भार कोरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो आणि चित्र अडखळतं. म्हणून कोर मोजण्याआधी कोडेक विचारा. ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे) सिनेमे बहुतेक १० बिट एचईव्हीसी या कोडेकमध्ये असतात. इंटेलमध्ये हे काम सातव्या पिढीपासून, म्हणजे डेस्कटॉपवर २०१७ पासून, पूर्णपणे हार्डवेअरमध्ये होतं. सहाव्या पिढीत ते फक्त ८ बिटपर्यंत होतं, म्हणून जुना आय-सेव्हन स्वस्तात मिळाला तरी या कामाला घेऊ नका. यूट्यूबवर आता एव्ही१ हे कोडेक बरंच दिसतं. त्यासाठी इंटेलची अकरावी पिढी किंवा त्यापुढची लागते. एएमडीचा रायझन ५ ५६००जी अजूनही आवडीनं घेतला जातो आणि चिप चांगलीच आहे, पण तिला एव्ही१ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. रायझन ८६००जीला येतं.

नावाच्या शेवटचं अक्षर बिलावर नीट वाचून घ्या. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. बिनग्राफिक्सची चिप बसवली की बोर्डावरचं एचडीएमआय भोक नुसतं भोकच राहतं, त्यातून काहीही येत नाही. हजार-दोन हजार वाचवायला एफ घ्यायची आणि मग वेगळं ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायचं, म्हणजे पैसेही जास्त, उष्णताही जास्त आणि आवाजही जास्त. माझं सरळ मत असं: सिनेमे, यूट्यूब आणि घरचे फोटो एवढंच काम असेल तर आय-थ्री १२१०० आणि एच६१० किंवा बी७६० चिपसेटचा बोर्ड पुरेसा आहे. त्याहून साधं हवं असेल तर एन१०० चिप सोल्डर केलेला छोटा बोर्ड घ्या. त्या चिपची रेटिंग अवघी ६ वॅट आहे आणि एव्ही१ तिलाही जमतं. मात्र तिला मेमरीचा एकच चॅनल आहे, आणि हार्ड डिस्क जास्त लावायच्या असतील तर त्या जोडायचे साटा पोर्ट कमी पडतात.

आता पाठ. एचडीएमआयच्या पुढे छापलेल्या आवृत्तीवर विसंबू नका. '२.१' या नावाखाली सगळ्या सोयी असाव्यातच असं बंधन नाही. बोर्डाच्या माहितीपत्रकात रिझोल्यूशन आणि हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) शोधा. '४०९६×२१६० @ ६०' लिहिलं असेल तर घ्या. '@ ३०' असेल तर तो जुन्या एचडीएमआय १.४ च्या ताकदीचा पोर्ट आहे, त्यावर माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकताना दिसेल. 'डिस्प्लेपोर्टला अडॅप्टर लावून देतो' असं दुकानदार म्हणाला तर अडॅप्टर ॲक्टिव्ह (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) आहे का ते विचारा. साध्या अडॅप्टरमधून ४के ६० हर्ट्झ जात नाही.

आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड लागत नाही. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे सिनेमाच्या आवाजाचे वरच्या दर्जाचे प्रकार एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँपकडे, जातात. ऑप्टिकल वायरीतून फक्त स्टिरिओ किंवा दाबलेला ५.१ जातो, म्हणून ऑप्टिकल पोर्टासाठी महाग बोर्ड घेण्यात अर्थ नाही. घरी रिसीव्हर असेल तर वायर बोर्डापासून रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला न्या. टीव्हीमधून फिरवून साउंडबारला न्यायची असेल तर ईएआरसी, म्हणजे टीव्हीतून आवाज पुढे पाठवणारी एचडीएमआयची सुधारित सोय, लागतं. साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही, आणि कित्येक टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत.

मेमरी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो हीच वापरतो, आणि दोन पट्ट्यांनी रस्ता दुप्पट रुंद होतो. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते आधीच ठरवा, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. सिस्टीमसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे.

आता उष्णता. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत रात्रीही फारसा उतरत नाही. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान आणि वर चिपवरच्या कूलरनं ठरणारी वाढ. ही वाढ ३५ अंश असेल तर हिवाळ्यात चिप ६० वर असते आणि मे महिन्यात ७७ वर. त्यात फर्निचरवाल्यानं टीव्ही युनिटला मागून प्लायवूड ठोकलेला असेल तर कप्प्यातलीच हवा ५० च्या पुढे जाते. चिप ते सोसते, हार्ड डिस्क सोसत नाही. तिला बहुतेक कंपन्या ६० अंशांपर्यंतच परवानगी देतात. म्हणून कप्प्याच्या मागच्या फळीला हातभर रुंद खाच पाडून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरची पॉवर लिमिट ३५ वॅटवर आणा, सिनेमात काहीही फरक दिसणार नाही. १२० मिमीचा पंखा सातशे-आठशे फेऱ्यांवर चालवला तर शांत खोलीतही ऐकू येत नाही. बोर्डावर चार पिनांचे फॅन हेडर (पंखा जोडायच्या जागा) किती आहेत तेही मोजा, स्वस्त बोर्डावर बहुधा दोनच असतात.

बोर्डाच्या मापाचाही इथे संबंध येतो. मिनी आयटीएक्स १७० मिमी चौरस, मायक्रो एटीएक्स २४४. छोटा बोर्ड दिसायला सुबक असतो, पण महाग पडतो, आणि छोट्या डब्यात हवा खेळत नाही. आपल्या हवामानात मायक्रो एटीएक्स आणि आडवा, जाळीचा डबा बरा.

पाण्याचा कूलर चालतो त्या झोतासमोर संगणक ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार पंख्यातून आत जातात आणि बोर्डावर पांढरा थर धरतो. शिवाय कूलरची मोटार भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर असेल तर बटण दाबताच टीव्हीवरचं चित्र क्षणभर जातं. तेव्हा एचडीएमआय वायर बदलण्याआधी प्लग बदलून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. लोखंडी डब्याला अनवाणी उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात, हे पुष्कळ घरांत आहे आणि लोक ते चालवून घेतात. पॉवर सप्लायच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह अगदी कमी असतो, माणसाला सहसा इजा होत नाही. पण टीव्ही दोन पिनी, डिशची वायर गच्चीवरून आलेली, आणि तुम्ही चालू वीज असताना एचडीएमआय खुपसता. तो फरक त्या बारीक पिनांमधून निचरतो आणि पोर्ट जातो. बोर्ड चांगला, टीव्ही चांगला, तरी चित्र नाही. म्हणून एचडीएमआय काढताना-लावताना दोन्हीकडचे प्लग भिंतीतून काढा.

मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतील, दहाच्या वर गेलं तर वायरमन बोलवा. फेज-अर्थचं माप फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. हे मोजमाप मे महिन्यात करा. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खाली काळा पाषाण. ऑगस्टमध्ये उत्तम आलेलं अर्थिंग एप्रिलपर्यंत सुटलेलं असतं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकलं तर फरक पडतो.

वीज गेल्यावर संगणकाचा सप्लाय फार तर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते चालू ठेवा, नाहीतर बदल होईपर्यंत संगणक बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. तसा नसेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस फक्त संगणकाला द्या, सिनेमा चालू असताना त्याचा भार बहुधा ५०-६० वॅटच असतो. सप्लाय चांगल्या कंपनीचा ४०० वॅटच्या आसपासचा पुरे. बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं तो पर्याय 'पॉवर ऑफ' ठेवा, कारण डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) वीज येते तेव्हा पहिली मिनिट-दोन मिनिटं व्होल्टेज उड्या मारतं.

वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो आणि सोफ्यावरून कळा चुकतात. काळा यूएसबी २ पोर्ट आणि हातभर एक्स्टेन्शन घ्या. सिनेमे दुसऱ्या संगणकावरून लॅनने ओढणार असाल तर १००० एमबीपीएसचा लॅन पोर्ट हवा. ४के ब्लू-रेचा प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत जातो, १०० चा पोर्ट तिथे अडतो.

जुळवणी झाली की कपाटात सरकवण्याआधी दुपारी दोन वाजता चाचणी घ्या. टीव्हीच्या मेन्यूत त्या एचडीएमआय पोर्टाचा वाढीव सिग्नलचा पर्याय चालू करा, नाहीतर एचडीआर दिसणार नाही. कोडी या सिनेमे चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये १० बिट एचईव्हीसी फाइल लावून 'ओ' कळ दाबा, डिकोडरपुढे 'एचडब्ल्यू', म्हणजे हार्डवेअर, दिसायला हवं. यूट्यूबवर ४के लावून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ डिकोडचा आलेख हलतो का बघा. तासभर तसंच चालू ठेवून डिस्कचं तापमान वाचा. ५० च्या आत असेल तर मग कपाटात ठेवा, आणि तिथे पुन्हा तासाभरानं वाचा.