‘पॅटर्न’ म्हणजे काय?

(दृश्य: पुण्यातला रस्ता. विजेच्या खांबावर शाळेचा फलक.)

दिवाळी सरली की वाघोलीपासून वाकडपर्यंत खांबाखांबावर हे फलक लागतात. ‘प्रवेश सुरू. सीबीएसई पॅटर्न.’ यातल्या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबा. पॅटर्न म्हणजे पुस्तकं एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची. शाळा सीबीएसई या केंद्रीय बोर्डाशी संलग्न असेलच, असं नाही.

नर्सरीत, पहिलीत यानं काही अडत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. अडतं ते नववीत. तिथे मुलांची नावं बोर्डाकडे नोंदवावी लागतात. तोवर संलग्नता आली नसेल, तर मुलं दुसऱ्याच शाळेच्या नावावर परीक्षेला बसवली जातात, नाहीतर पालकांना ऐनवेळी शाळा शोधावी लागते.

तेव्हा तरणतलाव बघण्याआधी दोन क्रमांक मागून घ्या. एक यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक: 11 अंकी, महाराष्ट्रात 27 ने सुरू होणारा. दुसरा संलग्नतेचा. तो सीबीएसईच्या ‘सारस’ पोर्टलवर टाका आणि समोर येणारा पत्ता नीट वाचा. समजा, एका संस्थेच्या चार शाखा आहेत. माहितीपुस्तिकेत छापलेला क्रमांक कोथरूडच्या जुन्या शाखेचा, आणि तुमचं मूल बसणार वाघोलीच्या नव्या इमारतीत! संलग्नता त्या त्या शाळेला मिळते, अख्ख्या संस्थेला नाही. ‘अर्ज केलाय, येईलच’ असं उत्तर आलं, तर राज्य शासनाचं मान्यतापत्र आणि ना हरकत प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

(दृश्य: फीचा कागद. ओळींवरून फिरणारं बोट.)

शिकवणी फी, टर्म फी, मग ‘ॲक्टिव्हिटी’, मग ‘डिजिटल’, खाली बारीक अक्षरात अनामत. बस, गणवेश आणि पुस्तकं या कागदावर नसतातच. ती धरून बेरीज करा. अनामत कधी परत मिळणार, हे लेखी घ्या. जाहीर केलेल्या फीव्यतिरिक्त मागितलेली देणगी म्हणजे कॅपिटेशन फी, आणि शिक्षण हक्क कायद्यानं तिला बंदी आहे. मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावणारी मुलाखतही त्याच कलमात येते.

राज्याच्या 2011 च्या फी कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती फी मंजूर करते, आणि ती दोन वर्षं तशीच राहते. त्या मंजुरीची प्रत मागा. मग पुढचा हिशेब मांडा: पहिलीला 1 लाख, दर दोन वर्षांनी 15 टक्के वाढ. दहावीला आकडा 1 लाख 75 हजारांच्या आसपास जातो. घराचा हप्ता चालू असताना हे झेपेल का, ते आजच बघा. पाचवीत शाळा बदलणं मुलाला जड जातं.

(दृश्य: शाळा सुटल्याची घंटा. फाटकाबाहेर गर्दी.)

शाळेची खरी माहिती इथे मिळते. ‘ओपन हाउस’ला सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं, तेव्हा सुटायच्या वेळी कामाच्या दिवशी या. न्यायला आलेल्या पालकांना एकच विचारा: यंदा वर्षाच्या मध्यात किती बाई बदलल्या? दोनदा वर्गशिक्षिका बदललेल्या वर्गात पोर्शन कसाबसा उरकला जातो. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, ते बघा. तुमचा थांबा सकाळी कितवा, हेही विचारा. पहिल्या थांब्यावर चढणारं मूल सगळ्यांत जास्त वेळ बसमध्ये असतं. एक दिवस दुचाकीवरून त्या बसच्या मागे जा आणि घड्याळ लावा.