कुत्र्याचं पोट आणि आपला औषधांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्यानं दोनदा उलटी केली, पातळ शी केली, की घरातल्या कुणाचा तरी हात औषधांच्या डब्याकडे जातोच. आपल्याला चालतं ते त्यालाही चालेल, फार तर अर्धी गोळी देऊ, असा हिशेब असतो. पण प्रश्न नुसत्या वजनाचा नसतो.

जुलाब थांबवणारं लोपेरामाईडच घ्या. ते आतड्यापुरतं काम करतं, कारण मेंदूच्या वेशीवर एक प्रथिन पहाऱ्याला असतं आणि त्याला माघारी धाडतं. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ जनुकातल्या दोषामुळे हा पहाराच नसतो. मग कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गाळतं, गुंगीत जातं. संकरित कुत्र्यात हा दोष आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही.

बिस्मथ सबसॅलिसिलेटचं गुलाबी औषध हे ॲस्पिरिनच्या कुळातलं. त्यानं जठरात रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय त्यानं शी काळी होते. आणि जठरात रक्त वाहत असल्याची खूणही काळी, चिकट शी हीच! म्हणजे डॉक्टरांनी जी खूण बघायची, तीच आपण पुसून टाकली. मला तर विषबाधेइतकीच ही गोष्ट धोक्याची वाटते.

फॅमोटिडीन, ओमेप्राझोल ही आम्लपित्ताची औषधं पशुवैद्यही देतात, आणि ती त्या मानानं सुरक्षित आहेत. पण आतड्यात हाड किंवा मोजा अडकला असेल, तर त्यांच्या भरवशावर नुसता वेळ जातो. पातळ औषध असेल तर बाटलीवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ, लिहिलंय का बघा. त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. पोट दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन तर मुळीच नको.

कुत्र्याला नुसतेच उमासे येतायत, बाहेर काही पडत नाही आणि पोट टणक फुगलंय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. तिथे सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि आधीच काही दिलं असेल, तर गोळीचं पाकीट सोबत न्या. किती आणि केव्हा दिली, ते न संकोचता सांगा. शीचा फोटोही काढून ठेवा. डॉक्टर हसणार नाहीत.