आईच्या खाद्यातला बडीशेपेचा वास

पडद्यावर दिसणारी डुकराची ही पिले चार आठवड्यांची आहेत आणि आज सकाळीच त्यांना आईपासून वेगळे केले आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार डुकरांच्या पिलांचे दूध साधारणपणे २८ दिवसांच्या आत तोडता येत नाही. तरीही हा दिवस त्यांना जड जातो, कारण कोमट दूध बंद होऊन कोरडे खाद्य समोर येते, जागा बदलते आणि अनोळखी पिलांबरोबर राहावे लागते. काही पिले संपूर्ण दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ खाद्याला तोंड लावत नाहीत. पोट असे रिकामे राहिले की आतड्याच्या अस्तरावरचे, अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात. पुढे पिलू भुकेने एकदम खाते तेव्हा ते नीट पचत नाही, ई. कोलायसारखे जिवाणू फोफावतात आणि हगवण लागते.

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली आणि हगवणीवर दिली जाणारी झिंक ऑक्साइड या जस्ताच्या संयुगाची मोठी मात्राही जून २०२२ मध्ये थांबली. साहजिकच बडीशेप, लसूण, दालचिनी, ऑरेगॅनो यांच्या अर्कांकडे पशुपालक आशेने पाहू लागले. खाद्य रुचकर केले की पिले ते खातील, असा त्यामागचा सरळ हिशेब आहे. तो अपुरा आहे.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुरुवात पिलांपासून न करता आईपासून केली. डुकरीण सुमारे ११५ दिवस गाभण असते. त्यातल्या अखेरच्या काळात आणि व्याल्यानंतर दूध पाजण्याच्या काळात त्यांनी तिच्या खाद्यात अ‍ॅनेथोल मिसळले. बडीशेपेला तिचा ओळखीचा वास देणारा घटक तो हाच. आईने खाल्लेल्या अशा पदार्थाचा वास गर्भजलात आणि दुधातही उतरतो, त्यामुळे पिलाची त्याच्याशी ओळख जन्माआधीच होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अशा पिलांनी दूध तोडल्यावर सरासरी २४ तासांत खायला सुरुवात केली, तर इतर पिलांना ३५ तास लागले. वासाची ओळख असलेली पिले अधिक खेळली, एकमेकांना इजा करण्याचे त्यांचे प्रमाण कमी राहिले आणि एका कप्प्यातल्या पिलांच्या वाढीत तफावतही कमी दिसली.

मात्र पहिल्या दोन आठवड्यांतले एकूण खाणे आणि वजन या प्रयोगात वाढले नाही, आणि दूध तोडल्यावर तो वास नुसता हवेत ठेवण्याऐवजी पिलांच्या स्वतःच्या खाद्यात घातल्याने वेगळा फायदाही झाला नाही, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिलांना ती चव विशेष आवडू लागली होती असे नाही. आईमार्फत झालेल्या त्या ओळखीमुळे दूध तुटण्याचा ताण हलका झाला असावा. म्हणूनच केवळ पिलांच्या खाद्यात सुगंध मिसळून मोठ्या परिणामाची अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही.

ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा आहे, त्यांनी अर्क डुकरिणीच्या खाद्यात थोडा थोडा मिसळायला सुरुवात करावी, कारण डुकराचे नाक अतिशय तीक्ष्ण असते आणि अनोळखी उग्र वासाने तीच खाणे कमी करील. दूध पाजणाऱ्या डुकरिणीचे खाणे उन्हाळ्यात आधीच घटते, तेव्हा तिची गव्हाण रोज तपासावी. बुरशी लागलेले खाद्य सुगंधाने सुधारत नाही. ते टाकूनच द्यावे.