तंबोऱ्याची जवारी आणि सिंथचा फिल्टर

(सांगलीतल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'सिंथेसायझरवर आवाज कसा घडवावा'. तो मी सांगणार आहेच, घाबरू नका. पण आधी जरा मिरजेला जाऊन येऊ, दहा किलोमीटरचा तर प्रश्न.

सतारमेकरांच्या दुकानात तुमच्यापैकी कितीजण बसलेत? हात वर करा. चार. सांगलीत राहून चार! सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा स्टेटस मात्र सगळ्यांनी ठेवलं होतं.

तर तिथं काय चालतं बघा. भोपळा बसलाय, दांडी लागलीय, तारा चढल्यात, तरी तंबोरा मुकाच असतो. वाजतो, पण बोलत नाही. मग कारागीर घोडीवर कानस फिरवतो. दोन घासे, तार छेडायची, कान लावायचा. परत दोन घासे. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून केसभर सरकवतो. पुढं नेला तर तार ठक्क. मागं नेला तरी ठक्क. मधे एक जागा अशी येते की तार एकदम उघडते आणि आतले सगळे स्वर एकामागून एक वर यायला लागतात. याला आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनाही या घोडीनं चक्रावून सोडलं होतं. प्रत्येक सुराच्या पोटात बारीक सूर असतात, ते स्वरांश. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथं ज्या स्वरांशांची तार स्थिर असते ते उमटू नयेत, असा युरोपातल्या पुस्तकातला नियम होता. तंबोरा तो नियम पाळतच नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मिरजेत ज्याला दोरा सरकवणं म्हणतात, त्यालाच जपानी माणूस कटऑफ फिरवणं, म्हणजे सिंथचा फिल्टर कुठून स्वरांश कापेल ती जागा सरकवणं म्हणतो. आपल्याला हे काम आजोबांपासून माहितीय. तरी पोरगं नवा सिंथ घेतं आणि पहिला प्रश्न काय विचारतं? "काका, बासरीचा नंबर किती?"

नंबर म्हणजे यंत्रात साठवलेल्या तयार आवाजाचा क्रमांक. या नंबरानं मला आयुष्यभर छळलंय. १९८३ साली यामाहाचा डीएक्स सेव्हन नावाचा सिंथ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची एफएम पद्धत, म्हणजे एका लहरीनं दुसरी हलवून आवाज घडवणं. लहरी काढणारे सहा ऑपरेटर, ते एकमेकांना जोडायचे बत्तीस प्रकार, म्हणजे अल्गोरिदम. पण अंगावर फिरवायला मुठी नाहीत. बटणं दाबत बसा आणि एका सरकपट्टीनं आकडे बदला. कोण करणार? लोकांनी कंपनीचेच आवाज वाजवले. त्याचा तो काचेसारखा पियानो ऐंशीच्या दशकात जगभरच्या गाण्यांत ऐकू येतो, त्याचं मोठं कारण हा कंटाळा. आमच्या ऑर्केस्ट्रात तर वहीत नंबरच लिहिलेले असायचे. लावणीला अमुक, कव्वालीला तमुक. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

आता माझी फजिती सांगतो. तासगावच्या पुढं एका गावात गणपतीचा कार्यक्रम. माझ्याकडे सेकंडहँड जपानी सिंथ होता. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या काळच्या यंत्रात साठवलेले आवाज आतल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत राहतात. ती काही वर्षांनी बदलायची असते. मी वर्षानुवर्षं झाकणच उघडलं नव्हतं. स्टेजवर स्विच टाकला, नंबर एक दाबला: खर्र. नंबर दोन: खर्र. सगळी वही गेली! समोर हजारभर माणूस, पुढच्या रांगेत सरपंच. ऑर्केस्ट्राचे मालक कानात म्हणतात, "काय रे, गिरणी चालू केलीस का?"

निवेदकाला म्हटलं, पाच मिनिटं काढ. त्यानं बायकोवरचे तेच तीन विनोद सांगितले. तिसऱ्याला सरपंचांच्या बायकोनं असं बघितलं, की चौथा सांगायची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात मी 'मॅन्युअल'चं बटण दाबलं. म्हणजे यंत्राची आठवण बाजूला, समोरच्या सरकपट्ट्या जिथं असतील तसा आवाज. आणि हात आपोआप मिरजेतल्यासारखा चालायला लागला. आधी पूर्ण उघडा, करवतीसारखा आवाज. मग फिल्टर खाली, खाली... एका जागी त्या खर्रमधून गोल, पेटीसारखा सूर निघाला. त्या रात्री अठरा गाणी अशीच वाजवली. कार्यक्रमानंतर एक पोरगा स्टेजवर आला. म्हणाला, "दादा, त्यो आवाज लई भारी. नंबर किती?"

(हशा)

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, तेव्हा अशी चिठ्ठी पाठवली असती तर मराठी रंगभूमी नांदीतच आटोपली असती. असो. पळतो आता.

जोडणी: जपानहून आलेलं यंत्र शंभर व्होल्टचं असतं, ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या दोनशे तीसवर लावलंत तर धूर. सिंथचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवा, बाकी मिक्सरवर वाढवा. उलटं केलं तर सुरसुरच मोठी होते. संगणकाला जोडून दुहेरी सूर आला, तर 'लोकल', म्हणजे पट्ट्यांचा सिंथच्या स्वतःच्या आवाजाशी असलेला थेट जोड, बंद करा.

आवाज: कंपनीचा नको, 'इनिट' घ्या, कोरी पाटी. लहर करवतीची, कारण तिच्यात सगळे स्वरांश भरलेले असतात आणि असलेलंच काढता येतं. लो-पास फिल्टर वरचे काढत खाली येतो. रेझोनन्स म्हणजे ज्या जागी फिल्टर थांबलाय तिथलाच स्वरांश उठावदार करणं. जास्त दिलंत तर शिट्टी वाजेल.

मग एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा वेळेनुसार चढउतार: अटॅक म्हणजे चढायला लागणारा वेळ, डिके म्हणजे नंतर उतरायला लागणारा, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून असेतो टिकणारी पातळी, रिलीज म्हणजे सोडल्यावर विरायला लागणारा वेळ. पेटी हवी? दोन लहरी घ्या, एक किंचित बेसूर करा, दोन सुरपट्ट्या एकत्र बोलतात तशा. सस्टेन पूर्ण, अटॅक जरासा, भात्याला हवा भरायला वेळ लागतो म्हणून. तंबोरा हवा असेल तर दोन एन्व्हलप लागतात, माझ्या जुन्या सिंथला एकच होता. आवाजाचा अटॅक शून्य, बोट लागताच तार वाजली पाहिजे. फिल्टरचा मात्र अर्धा सेकंद, डिके तीन-चार सेकंद. तंबोऱ्याची झणझण छेडल्याबरोबर येत नाही, मागून फुलते. ही गंमत नंबरात सापडायची नाही.

एलएफओ राहिला, म्हणजे आवाज हलवणारी संथ लहर. कंपासाठी सेकंदाला पाच-सहा फेरे, खोली अगदी कमी. नाहीतर गायकाला थंडी वाजल्यासारखं वाटतं.

दुसरी चिठ्ठी आली. उठतो. आवाज जमला की सेव्ह करा, आणि वहीत नंबर नको, सरकपट्ट्यांचं चित्र काढा. आणि हो, बॅटरी: बहुधा सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळते. पण आत डाख देऊन बसवलेली असते. बदलताना सॉकेट बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी डाख काढायला नको. चहा कुठं ठेवलाय?