थोडक्यात हुकलं

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर दहा मिनिटं उभं राहा, असा एक तरी किस्सा कानावर पडणारच. "परवा कागलच्या अलीकडं असा आला बघ कंटेनर, एवढं अंतर राहिलं होतं, एवढं," आणि सांगणारा दोन बोटं दाखवतो. ऐकणारे बाप रे म्हणतात, कुणीतरी अंबाबाईचं नाव घेतं, चहा संपतो आणि विषय पण संपतो. अपघात झाला की पंचनामा होतो, हुकला की काहीच होत नाही. खरंतर हुकलेल्या अपघाताचा पंचनामा करणं जास्त सोपं असतं, कारण सांगणारा माणूस धडधाकट आपल्यासमोर बसलेला असतो. या व्हिडिओत आपण तेच करणार आहोत.

(दृश्य: रात्रीचा सांगली रोड, उसाच्या ट्रॉल्या)

हा शिरोलीहून हातकणंगल्याकडं जाणारा रस्ता. गळीत हंगाम सुरू झाला की साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या जिल्ह्यातले सगळेच रस्ते असे दिसतात, एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वरती मावेल तेवढा ऊस आणि त्या उसाचे शेंडे दोन्ही बाजूनं आणि मागनं बाहेर आलेले. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक पोरगा सेकंड शिफ्ट सुटल्यावर याच रस्त्यानं बाईकवरनं घरी चालला होता. स्पीड 60च्या आसपास, दारू नाही, मोबाईल नाही, डोक्यावर हेल्मेट. समोरून एक कार अपर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, मारत आली, डोळे दिपले, कार गेली, आणि पुढं काळोखात एकदम उसाची भिंत. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागं चाकाला दगड लावलेला, आणि खूण म्हणून एक झाडाची फांदी टाकलेली. त्यानं हँडल डावीकडं साईडपट्टीवर घातलं म्हणून वाचला.

त्याचं हेल्मेट बघा. काचेवर डावीकडून उजवीकडं गेलेला हा जो ओरखडा दिसतोय, तो उसाच्या टोकाचा आहे. काच वर असती तर काय झालं असतं हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही.

आता याचा हिशोब मांडूया, कारण "नशीब चांगलं" म्हणून सोडून दिलं तर उद्या दुसरा कुणीतरी त्याच ट्रॉलीला जाऊन धडकणार आहे. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. डिपरवर, म्हणजे हेडलाईटच्या खालच्या झोतात, रस्ता नीट दिसतो तो साधारण 40 मीटर, समोरून कोण अपर मारत आलं तर तेवढाही नाही. डोळ्यानं बघितलं, डोक्यात शिरलं, हातापायानं ब्रेक धरला, यात दीड सेकंद गेला तर 25 मीटर संपले आणि गाडी अजून तेवढ्याच स्पीडनं चाललीय. त्यापुढं कोरड्या डांबरावर कडक ब्रेक लागला तरी 20 मीटर लागतातच. बेरीज 45 आणि दिसत होतं 40. म्हणजे त्या पोराकडं ब्रेक मारून थांबायला जागाच नव्हती, साईडपट्टी मोकळी होती म्हणून तो आज बोलतोय. तिथं कठडा असता, चारी असती किंवा कुणी चालत असतं तर? हाच हिशोब 45च्या स्पीडला केला की सगळं मिळून 30 मीटर होतात, म्हणजे 10 मीटर राखून माणूस उभा राहतो. घरी पोचायला उशीर होतो तो काही मिनिटांचा. पावसात रस्ता ओला असला किंवा ट्रॉलीतला चिखल आणि पाचट डांबरावर पडलेलं असलं तर हे आकडे अजून वाईट होतात, टू-व्हीलरवाल्यांनी तर ते पाचट म्हणजे सांडलेलं ऑईलच समजून चालावं.

आणि समोरच्याचा अपर डोळ्यात आला की लाईटकडं बघत राहायचं नाही, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यायची आणि आधी स्पीड कमी करायचा. डोळे परत रुळायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तुम्ही आंधळेपणानंच गाडी चालवत असता, हे लोकांना पटत नाही पण असंच आहे.

ट्रॅक्टरवाल्यांची बाजू पण ऐकूया, कारण त्यांना शिव्या घालून विषय संपत नाही. कारखान्याच्या यार्डात आम्हाला एक मामा भेटले, वजनकाट्याच्या लाईनीत पहाटेपासून उभे. ते म्हणाले, "लाईटची वायर ट्रॅक्टरपासनं मागच्या ट्रॉलीपर्यंत येती, रानातनं गाडी बाहेर काढताना सरीत ट्रॉली हेलपाटली की पिन निघती न्हायतर वायर तुटती, रात्री अकराला कुठं वायरमन शोधू? खेप तर पोचवायला पायजे." हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रेडियम लावतात हे खरं, मागं लाल, बाजूला पिवळं, पुढं पांढरं, पण ऊस भरला की मागचं रेडियम शेंड्यांखाली झाकून जातं. या मामांनी त्यावर साधा उपाय काढलाय. पोत्याच्या कापडावर लाल रेडियमची पट्टी शिवून घेतलीय आणि ऊस भरून झाला की ती शेवटच्या मोळीच्या वरनं बाहेर बांधतात. का करता विचारल्यावर म्हणाले, मागच्या हंगामात एक बुलेटवाला अगदी ट्रॉलीला टेकून थांबला, त्याचं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातनं रेडियम आणलं. मला या सगळ्या शूटिंगमध्ये सगळ्यात जास्त आवडलेला माणूस हाच. हुकलं त्याचं होतं, शहाणपण यांनी घेतलं.

आता परत त्या फाउंड्रीतल्या पोराकडं. त्याच्या कारखान्यात निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात हुकलेल्या अपघाताचं, कार्ड असतं. भट्टीत टाकायच्या स्क्रॅपमध्ये पाणी राहिलं तर वितळलेल्या लोखंडात त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, हे फाउंड्रीत पहिल्या दिवशीच शिकवतात. एकदा बकेटमध्ये ओलं स्क्रॅप आलेलं कुणाच्यातरी वेळेत लक्षात आलं, काहीच झालं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, तरी कार्ड भरलं गेलं, कारण शोधलं आणि स्क्रॅपच्या ढिगावर शेड पडली. मग मी त्याला विचारलं, त्या रात्रीच्या ट्रॉलीचं कार्ड भरलंस का? तो जरा गप्प बसला आणि म्हणाला, "ते कारखान्याच्या गेटच्या आतलं असतंय ओ." गेटच्या बाहेर आलं की तोच माणूस, तेच डोकं, पण हिशोब बंद. मला ही गोष्ट खरंच लागली.

हुकलेली गोष्ट दुसऱ्याला न सांगितल्यानं काय होतं याचं एक मोठं उदाहरण विमानांच्या जगातलं आहे. 1 डिसेंबर 1974ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ डलेस एअरपोर्टवर उतरायला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान एका डोंगरावर आदळलं आणि 92 माणसं गेली. चौकशीत बाहेर आलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं, युनायटेडचं विमान त्याच ठिकाणी, किती खाली उतरायचं याच्या तशाच घोटाळ्यात सापडून, थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी आपल्या पायलटांना सावध केलं होतं, पण ती गोष्ट या विमानाच्या पायलटांपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर 1976ला नासाकडं एक व्यवस्था सुरू झाली, पायलट असो नाहीतर कंट्रोलर, काय हुकलं ते लिहून पाठवायचं, नाव गुप्त राहतं, आणि त्यातला धडा सगळ्यांना कळवला जातो. आजही ती चालू आहे. आपल्याकडं रस्त्यासाठी असं काही नाही, आपल्याकडं चहाचा गाडा आहे, आणि मी म्हणतो तो काही कमी नाही, फक्त तिथं दोन बोटांचं अंतर दाखवून झाल्यावर जागा कुठली, वेळ कुठली आणि दहा सेकंद आधी काय केलं असतं तर ही वेळच आली नसती, एवढं पण सांगितलं पाहिजे.

राजारामपुरीतल्या एका ताईंनी नेमकं तसंच सांगितलं. मोपेडवरनं पोरीला क्लासला सोडायला चालल्या होत्या, कडेला लागलेल्या कारचा दरवाजा फाडकन उघडला, ब्रेक मारला, दरवाजा हँडलला घासला आणि मागनं येणारी केएमटी बस वेळेत थांबली. आता त्या उभ्या गाड्यांपासून एका दरवाज्याएवढं अंतर सोडूनच चालवतात आणि उभ्या कारमध्ये सीटवर डोकं दिसलं की हॉर्नवर बोट ठेवतात. कारवाल्यांसाठी उपाय त्याहून सोपा, ड्रायव्हरनं दरवाजा डाव्या हातानं उघडायचा. करून बघा, अंग आपोआप उजवीकडं वळतं आणि मान मागं जाते, मागनं कोण येतंय ते दिसतंच. पोरांना पण हेच शिकवा, दरवाज्याच्या लांबच्या हातानं उघडायचं.

(दृश्य: गगनबावडा, धुकं, करूळ घाटाचं तोंड)

कोल्हापूरपासून 55 किलोमीटरवर गगनबावडा आणि तिथनं खाली वैभववाडीकडं उतरणारा हा करूळ घाट. इथं भेटलेल्या काकांनी अर्धं आयुष्य गुळाचा टेम्पो कोकणात नेण्यात घातलंय. एकदा भरलेला टेम्पो उतरवताना त्यांनी वरनंच मोठा गिअर ठेवला आणि ब्रेकवर पाय देत देत खाली आले. आधी ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला, मग पेडल कडक लागायचं ते मऊ झालं, आणि एका वळणावर पेडल दाबलं तर पाय सरळ खाली. ब्रेक सतत घासून तापले की त्यांची पकड जाते, ब्रेकचं तेल उकळलं की त्यात वाफ होते आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. काकांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक लावत गेले आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घालून गाडी थांबवली. गुळाच्या ढेपा तेवढ्या फुटल्या.

काही जण घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, कोण तर इंजिनच बंद करतात. आत्ताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरनं काढला की इंधन तसंही बंद होतं, म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा ब्रेक जातो, आणि इंजिन बंद असेल तर पॉवर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. धुक्यात अपर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच बरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, आणि तो पाळला की अर्ध्या अडचणी सुटतात.

काका आता टेम्पो चालवत नाहीत, पोरगा चालवतो. पण गगनबावड्यात चहाला थांबले आणि कोकणात उतरणारा कुणी नवीन ड्रायव्हर दिसला की स्वतःहून जाऊन विचारतात, माल किती, कितव्या गिअरात उतरवणार. आमच्यासमोरच एका पिकअपवाल्या पोराला थांबवलं. तो म्हणाला, तिसऱ्यात. काका म्हणाले, "माल भरलाय न्हवं, मग दुसऱ्यात घाल, आणि हितंच घाल, वळणावर जाऊन घालू नको. वास आला तर लाजू नको, कडेला लाव, अर्धा तास थंड होऊ दे, पाणी मारू नको त्याच्यावर." पोरानं मान हलवली, चहाचे पैसे दिले आणि दुसरा गिअर टाकून निघाला.